‘गरज’ विचारली की बायका गप्प होतात : पाहणीच्या नमुन्यात कोणता शब्द घालावा?

मांजराकाठ (अंबाजोगाई तालुका) यांचा प्रश्न :

सर्वांना नमस्कार. महिला बचत गटांबरोबर काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेसाठी मी सध्या आमच्या भागातील काही गावांत घरोघरी पाहणी करीत आहे. पाहणीचा नमुना मूळ इंग्रजीत होता व त्याचा मराठी अनुवाद आमच्याकडे तयार होऊन आला. त्यात तीन रकाने आहेत : ‘कुटुंबाच्या गरजा’, ‘कुटुंबाच्या इच्छा’ आणि ‘कुटुंबाच्या मागण्या’. शब्द शुद्ध आहेत, शाळेच्या पुस्तकात शोभतील असे आहेत. परंतु पहिल्याच गावात हा नमुना जवळजवळ कोरा परत आला आणि त्याचे कारण मला अद्याप नीट उलगडलेले नाही.

एक प्रसंग सांगते. सकाळची वेळ होती. एक बाई चुलीपुढे बसून भाकरीसाठी पीठ काढत होत्या. पिठाचा डबा तिरपा करून, आत कोपरापर्यंत हात घालून, तळाच्या कडेला चिकटलेले ज्वारीचे पीठ त्या बोटांनी खरवडून काढत होत्या; डबा रिकामा झाल्याचा आवाज मला उंबऱ्याबाहेर ऐकू येत होता. मी नमुन्याप्रमाणे विचारले, “तुमच्या कुटुंबाच्या गरजा कोणत्या?” त्यांनी हात न थांबवता उत्तर दिले, “आमाला कशाची गरज न्हाई बाई. देवाच्या दयेनं भागतंय.” मी तसेच लिहून घेतले. निघताना, केवळ बोलायचे म्हणून, मी सहज म्हणाले, “मावशी, महिन्याला घरात काय काय लागतं हो?” तेव्हा त्यांनी एका दमात यादी सांगितली : तेल लागतंय, मीठ-मिरची लागतेय, दळणाला पैसे लागतेत, लेकरांना वह्या लागतेत, सासूबाईंच्या गोळ्या लागतेत, पावसाच्या आधी पत्र्यावर टाकायला ताडपत्री लागतेय. मला रकाना पुरला नाही.

त्यानंतर चार-पाच घरांत मी मुद्दाम दोन्ही प्रकारे विचारून पाहिले. ‘गरज’ म्हटले की नकार किंवा गप्पपणा, ‘लागते’ म्हटले की मोकळे उत्तर, असाच अनुभव आला. ‘इच्छा’ हा शब्द ऐकून तर एका आजींनी पदर तोंडाला लावला, कारण त्यांना तो शेवटच्या इच्छेसारखा वाटला असावा.

माझे प्रश्न असे आहेत. ‘गरज’, ‘हवे’, ‘पाहिजे’ आणि ‘लागते’ यांत नेमका फरक कोणता? तो केवळ आमच्या मराठवाड्यातला आहे की एकूणच मराठीचा? आणि अत्यावश्यक वस्तू व हौसेच्या वस्तू वेगळ्या काढायच्या असतील, तर बाईला न दुखावता प्रश्न कसा विचारावा? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

गोदातीर (पैठण) :

ताई, आपण प्रश्न फार जवळून टिपला आहे, म्हणून उत्तरही थोडे विस्ताराने देतो. मी अनेक वर्षे शाळेत मराठी शिकवले. या चार शब्दांचा फरक वर्गात समजावताना दरवेळी मलाच त्यात काहीतरी नवीन सापडत गेले.

प्रथम ‘गरज’ पाहू. हा शब्द अरबी ‘गरज़’वरून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आहे. मुळात त्याचा अर्थ हेतू किंवा उद्दिष्ट असा आहे, आणि उर्दूत त्याला स्वार्थाची छटा आली; ‘खुदगर्ज’ या शब्दात ती स्पष्ट दिसते. मराठीत तो ‘आवश्यकता’ या अर्थाने स्थिरावला खरा, तरी आपल्या म्हणी पाहा : ‘गरजवंताला अक्कल नसते’, ‘गरज सरो, वैद्य मरो’. ‘अडला हरी’ची म्हणही त्याच कुळातली. या साऱ्यांत गरज असणारा माणूस एक तर खाली वाकलेला आहे किंवा कृतघ्न आहे. ज्या भाषेत ‘गरजू’ या शब्दाला मदतीच्या रांगेचा वास येतो, त्या भाषेत एखाद्या स्वाभिमानी बाईला “तुमच्या गरजा सांगा” असे म्हटले, तर ती “गरज नाही” असेच म्हणणार. आपण तिच्या घरात काय कमी आहे ते विचारत होता. तिला मात्र आपण तिची पायरी विचारत आहात असे वाटले असणार.

‘लागणे’ याची गोष्ट अगदी वेगळी आहे. हे क्रियापद संस्कृतातील ‘लग्’ या धातूचे, म्हणजे चिकटणे, भिडणे, स्पर्श होणे या अर्थाचे. भूक लागते, तहान लागते, ठेच लागते, वेळ लागतो, ओढ लागते, डोहाळे लागतात. या सगळ्या गोष्टी माणसाकडे चालून येतात. त्यांत माणसाचा दोष नसतो आणि त्याची हावही नसते. म्हणून “घराला तेल लागते” या वाक्यात बाई कोणापुढे हात पसरत नाही. संसार चालायचा तर तेल खर्ची पडणारच, एवढेच ती सांगते. चुन्याला पाणी लागते, घोंगडीला लोकर लागते, तसे घराला तेल लागते.

‘पाहिजे’ हे मुळात ‘पाहणे’ या क्रियापदाचे जुने कर्मणी रूप आहे. ‘म्हणिजे’चे जसे ‘म्हणजे’ झाले, त्याच घडणीतले. ‘पाहिले जावे’, ‘शोधले जावे’ असा त्याचा मूळ रोख होता आणि त्यातून ‘असणे आवश्यक आहे’ हा अर्थ आला. या रूपाने आपला जुनेपणा इतका जपला आहे की ते लिंगाप्रमाणे आजही बदलत नाही : आंबा पाहिजे, चिंच पाहिजे, लिंबू पाहिजे. अनेकवचनात लिहिताना ‘पाहिजेत’ होते, तेवढेच. याउलट ‘हवा’ हे विशेषणासारखे वागते : आंबा हवा, चिंच हवी, लिंबू हवे, चिंचा हव्यात. ‘हवा’चे नाते ‘होणे’ या क्रियापदाशी जोडले जाते. जे व्हावे असे वाटते ते हवे.

वापरात या दोघांचे वजन सारखे नाही. ‘पाहिजे’मध्ये हक्क व ठामपणा आहे. वर्तमानपत्रातील छोट्या जाहिराती पाहा, मथळा ‘पाहिजेत’ असाच असतो : कामगार पाहिजेत, खोली पाहिजे, वधू पाहिजे. ‘हवे’ त्यापेक्षा मृदू आहे व मनाच्या अधिक जवळचे आहे, म्हणूनच ‘हवेहवेसे’ असे म्हणता येते. ‘पाहिजेपाहिजेसे’ कोणी म्हणत नाही. आपल्या मराठवाड्यात रोजच्या बोलण्यात ‘पायजे’च अधिक ऐकू येते आणि ‘हवे’ पुस्तकी किंवा पुणेरी वाटते, हेही नमुना तयार करताना ध्यानात ठेवावे.

आणखी एक गोष्ट व्याकरणाची असली तरी आपल्या कामाची आहे. मला हवे, मला पाहिजे, मला लागते, मला गरज आहे : चारही ठिकाणी माणूस ‘मला’ या रूपात येतो, म्हणजे वस्तू कर्त्याच्या जागी बसते आणि माणूस तिचा ठाव असतो. ‘मागणे’ मात्र तसे नाही. तिथे ‘मी मागते’ असे म्हणावे लागते, बाईला स्वतः कर्ता होऊन पुढे यावे लागते. ‘मागण्या’ हा रकाना कोरा राहिला असेल, तर त्याचे एक कारण येथे आहे असे मला वाटते.

ज्ञानदेवांचे आपेगाव येथून जवळच, म्हणून एक उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. पसायदानात ज्ञानदेव स्वतःसाठी ‘द्यावे’ असे म्हणतात व प्राणिमात्रांसाठी ‘वांछील’ हे क्रियापद वापरतात. जगाला काय लागते किंवा जगाची गरज काय, असा हिशोब त्यांनी केला नाही. ज्याला जे वाटेल ते त्याला लाभो, असे म्हटले. ‘वांछा’ हा शब्द आज बोलण्यातून गेला आहे. त्याच्या जागी आपण ‘इच्छा’ ठेवली आणि तिच्यामागे ‘अखेरची’ हे विशेषण इतके वेळा जोडले की आजींना भीती वाटली, यात नवल नाही.

सीमेवरून (देगलूर) :

गोदातीर सरांनी ‘हवा’ आणि ‘होणे’ यांचे नाते सांगितले, त्याला आमच्या सीमेवरून एक पुरावा जोडतो. नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला बाजारात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी (इकडची बोली उर्दू) अशा चारही भाषा कानावर पडतात. आमच्याकडे दखनी बोलणारा दुकानदार गिऱ्हाइकाला विचारतो, “क्या होना?” म्हणजे, काय पाहिजे? “मेरेकू चाय होना” म्हणजे मला चहा पाहिजे. उत्तरेकडच्या हिंदी भाषकाला हे वाक्य ऐकून चहा स्वतःच काहीतरी होणार आहे असे वाटते. आमच्याकडे मात्र त्यात कोणालाही वावगे वाटत नाही. कारण तेलुगूतील ‘कावालि’, म्हणजे पाहिजे, हा शब्दही ‘होणे’ या अर्थाच्या धातूपासूनच आलेला आहे. मराठीचा ‘हवा’, दखनीचा ‘होना’ आणि तेलुगूचा ‘कावालि’ ही तीन वेगवेगळ्या घरांतील रूपे एकाच विचारावर उभी आहेत : मला जे पाहिजे ते घडून यावे.

नकाराच्या बाजूनेही असेच आहे. दखनीतील ‘नक्को’ हा आपल्या ‘नको’चाच पाहुणा, तो तिथे कायमचा राहिला. तेलुगूत दोन नकार आहेत : ‘वद्दु’ म्हणजे नको आणि ‘अक्करलेदु’ म्हणजे आवश्यकता नाही. मराठीतही “मला साखर नको” आणि “मला साखर लागत नाही” यांत हाच भेद आहे. पहिल्यात मी ती नाकारतो, दुसऱ्यात मला तिच्यावाचून चालते. ताई, आपल्याला पहिल्या घरी मिळालेले “गरज न्हाई” हे उत्तर या दोहोंपैकी कोणते, हे तपासून पाहावे. माझ्या मते तो ‘लागत नाही’ या अर्थाचा नकार नव्हता. आपल्या विचारण्यालाच ‘नको’ होते.

उर्दूचा परिणाम केवळ बाजारापुरता नाही. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि कचेरीची भाषा उर्दू होती. माझ्या आजोबांच्या पिढीतले लोक चहाची ‘तलब’ म्हणत. बाकी महाराष्ट्रात तीच ‘तलफ’ झाली. मूळ अरबी शब्दाचा अर्थ मागणे, शोधणे असा आहे. ‘हौस’ची गोष्ट त्याहून सुंदर आहे. ती अरबी ‘हवस’वरून आली. हिंदी-उर्दूत ‘हवस’ म्हणजे वासना, लोभ. कोणाला तसे म्हटले तर भांडण होईल. मराठीने त्याच शब्दाला स्वच्छ करून घरात घेतले, आणि आज आपण “मुलीची हौस पुरवली” असे अभिमानाने म्हणतो. एक शब्द दोन भाषांत इतक्या वेगळ्या नशिबाचा क्वचितच सापडतो.

आडतीवरून (लातूर) :

मी शब्दांचा अभ्यासक नाही, सोयाबीन-तुरीच्या व्यापारात आहे. एवढेच सांगतो की बाजारात ‘गरज’ हा शब्द चालतच नाही. आम्ही ‘मागणी’ म्हणतो किंवा ‘उठाव’ म्हणतो. मालाला उठाव आहे म्हणजे आज माल उचलला जात आहे, पैसे मोजून. बारावीच्या अर्थशास्त्रात मुलांना शिकवतात की केवळ इच्छा म्हणजे मागणी नव्हे. इच्छेच्या जोडीला खरेदीची शक्ती आणि खर्च करण्याची तयारी असेल तरच ती मागणी. आपल्या नमुन्यातला ‘मागण्या’ हा शब्द त्या अर्थाने आला असेल, तर ज्यांच्या हातात पैसा नाही त्यांचा तो रकाना रिकामाच राहणार. तेव्हा तो शब्द कोणत्या अर्थाने घातला आहे, हे आधी ठरवावे.

जुनी दप्तरे (जालना जिल्हा) :

मी ग्रामसेवक म्हणून काम केले आहे, त्यामुळे ‘मागणी’ या शब्दाची बाजू मांडणे माझे कर्तव्य समजतो. वरील उत्तरे वाचून आपण तो शब्द नमुन्यातून काढून टाकाल, तर बायकांचे नुकसान होईल.

कारण असे की, सरकारी कामात ‘लागते’ या शब्दाला किंमत नाही. पाणीटंचाईच्या दिवसांत गावाला पाणी लागते, हे तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत सर्वांना ठाऊक असते. तरीही टँकर येतो तो ग्रामपंचायतीने लेखी मागणीचा प्रस्ताव दिल्यावरच. रोजगार हमीचेही तसेच आहे. १९७२ च्या दुष्काळात दुष्काळी कामांवर खडी फोडलेली माणसे आमच्या गावात अजून आहेत. त्या अनुभवातून राज्यात पुढे १९७७ चा रोजगार हमीचा कायदा आला आणि ‘मागेल त्याला काम’ ही त्याची ओळख झाली. २००५ च्या राष्ट्रीय कायद्यातही मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम न मिळाल्यास बेरोजगार भत्ता देण्याची तरतूद केली गेली. आता हे १५ दिवस मोजायचे कोठून? लेखी मागणी दिल्याच्या तारखेपासून. म्हणजे मजूर बाईने “मला काम पायजे” असे दहा वेळा तोंडी सांगितले, तरी माझ्या वेळी दिवस मोजायला सुरुवात होत नसे. तिने अर्जावर अंगठा उठवला व तारखेची पोच हातात घेतली की होई. ज्या बाया पोच न घेता घरी गेल्या आणि नंतर “तुम्ही मागणीच केली नव्हती” हे ऐकून परतल्या, त्यांचे चेहरे मला आजही आठवतात. चूक कोणाची होती हे सांगण्याची ही जागा नव्हे, पण त्या वेळी ‘मागणे’ आणि ‘मागणी करणे’ यांतील अंतर त्यांना कोणीतरी समजावून सांगायला हवे होते.

उलट काही ठिकाणी शासन गरज विचारतही नाही आणि मागणीही विचारत नाही, थेट प्रमाण ठरवते. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यात प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य आणि अंत्योदय कुटुंबाला महिना ३५ किलो असे ठरले. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरले आहे. हे आकडे ‘आवश्यकता’ या शब्दाचे आहेत : मोजलेली, सरासरी काढलेली, कोणत्याच एका घराची नसलेली. ‘निकड’ त्याहून वेगळी. निकडीला मुदत असते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले, ती निकड होती. लातूरला पाण्याची आवश्यकता त्याच्या आधीही होती व नंतरही आहे.

म्हणून माझी सूचना अशी : प्रश्न ‘लागते’ या शब्दात विचारावा, परंतु त्या उत्तरांपैकी ज्या गोष्टी शासनाकडून मिळू शकतात, त्या त्याच बैठकीत ‘मागणी’ म्हणून वेगळ्या लिहून घ्याव्यात आणि बाईला त्याची प्रत द्यावी.

ओसरी (परभणी) :

गोदातीर सरांचे म्हणणे मान्य आहे, पण ‘लागते’ या शब्दावर सगळी भिस्त ठेवू नये असे मला वाटते. मी घर चालवते आणि गटाचा हिशोबही लिहिते. ‘लागते’मध्ये सवयही शिरते. “त्यांना तंबाखू लागते”, “त्यांना संध्याकाळी दारू लागते” हीसुद्धा वाक्येच आहेत, आणि घराघरांत ती तेल-मिठाच्या ओळीतच बसलेली असतात. तेव्हा ‘काय लागते’ या प्रश्नाला आलेले प्रत्येक उत्तर अत्यावश्यक धरू नका.

अत्यावश्यक व हौसेचे वेगळे कसे करावे, हा आपला तिसरा प्रश्न होता. त्यासाठी नामांकडे न पाहता त्यांच्यापुढे येणाऱ्या क्रियापदाकडे पाहावे, असे मी सुचवते. मराठीत तहान भागते, भूक भागते, नड भागते, गरज भागते. हौस मात्र आमच्या बोलण्यात सहसा भागत नाही. ती पुरते, पुरवली जाते किंवा फिटते. डोहाळे पुरवतात, लाड पुरवतात, हट्ट पुरवतात. हाव तर भागतही नाही आणि पुरतही नाही, ती फक्त सुटते. आमच्या आजीने कोणताही ग्रंथ न वाचता ही वाटणी अचूक पाळली. “साडीची तहान भागली” असे वाक्य तिच्या तोंडून कधीच निघाले नसते. ज्याला ‘भागणे’ लागू पडते ते कमीत कमी किती, हे ठरवता येते. ज्याला ‘पुरवणे’ लागते, तिथे पुरवणारा दुसरा कोणीतरी असतो आणि त्याचे प्रेम किंवा ऐपत त्यात मोजली जाते.

पण ‘भागणे’ या शब्दाने फसू नका, हे कळकळीने सांगते. ‘भागवणे’ म्हणजे आहे त्यात निभावून नेणे. एका घागरीत सहा माणसांनी अंघोळ भागवली, अर्ध्या लिटर दुधात चार दिवसांचा चहा भागवला, असे आपण म्हणतो. त्या मावशींनी डब्याचा तळ खरवडताना “भागतंय” म्हटले, तेव्हा खरी माहिती त्याच शब्दात होती. त्यांनी कशाकशावर काट मारून भागवले, हे विचारायला हवे होते. आम्ही आमच्या गटात आता असेच विचारतो : “या महिन्यात कशावाचून भागवलं?” या एका प्रश्नाने जे बाहेर येते ते गरज, इच्छा, मागणी या तिन्ही रकान्यांत मिळून येत नाही. गेल्या उन्हाळ्यात एकीने सांगितले की तिने डोळ्यात घालायच्या थेंबांवाचून दोन महिने भागवले, कारण त्याच पैशांत मुलाच्या परीक्षेचे शुल्क भरायचे होते. तिच्या ‘काय लागते’ यादीत हे थेंब नव्हतेच. यादीतून ते तिने स्वतःच वगळले होते.

हाच माझा मुख्य मुद्दा आहे. ‘घरात काय लागते’ असे विचारले की बाई घराचे सांगते; सासूच्या गोळ्या, लेकराच्या वह्या, नवऱ्याची तंबाखू. आपल्या मूळ यादीकडे पुन्हा एकदा पाहा ताई, त्यात त्या मावशींचे स्वतःचे असे काहीही नाही.

आणि ‘नको’विषयी एक शब्द. हा शब्द वस्तूंपुरता राहिला असता तर बरे झाले असते. आपल्याच राज्यात मुलींची नावे ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी ठेवली गेली. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा अडीचशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. जिला जन्मापासून नावातच ‘नको’ ऐकावे लागले, तिला मोठेपणी “तुला काय हवे?” असे विचारले, तर उत्तर द्यायला तिला वेळ लागणारच. पाहणी करणाऱ्याने तो वेळ द्यावा.

मांजराकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. ओसरीताई, तुमचा मुद्दा वाचून मी तो जुना कागद पुन्हा काढून पाहिला. खरोखरच त्या मावशींचे स्वतःचे त्यात काही नव्हते आणि ते माझ्या लक्षातही आले नव्हते.

काल मी बदललेला नमुना घेऊन दुसऱ्या गावात गेले. आता प्रश्न असे आहेत : “महिन्याला घरात काय काय लागतं?”, “यंदा कशावाचून भागवलं?”, “यातलं पंचायतीकडं, सरकारकडं काय मागायचं?” आणि शेवटी “तुमाला सोताला काय पायजे?” तिसऱ्या प्रश्नाची प्रत, दप्तरेकाकांनी सांगितल्याप्रमाणे, बाईच्या हातात ठेवली. पहिल्या दोन प्रश्नांना भरभरून उत्तरे आली. दुसऱ्या प्रश्नात बहुतेक ठिकाणी औषध आणि चप्पल या दोन गोष्टी आल्या. चपलेचा मी कधी विचारही केला नव्हता.

चौथ्या प्रश्नाला बहुतेकींनी “मला काय पायजे, समदं हाय” असे सांगितले. मी घाई केली नाही. एका घरी चहा होईपर्यंत तशीच बसले. साठीच्या आसपासच्या एका बाईंनी कपबशी माझ्यापुढे सरकवली, पुन्हा मागे घेऊन बशीची कड पदराने पुसली, आणि मग म्हणाल्या, “मला एक पेटी पायजे. कुलपाची. चावी माझ्यापाशी राहील अशी.” आत काय ठेवणार, असे मी विचारले नाही.

ही पेटी कोणत्या रकान्यात घालावी, हे मला ठरवता आलेले नाही. त्या ‘लागते’ म्हणाल्या नाहीत, ‘हौस’ म्हणाल्या नाहीत आणि कोणाकडे मागणारही नाहीत. तूर्त मी तो रकानाच काढून टाकला आहे व त्या जागी चार ओळी मोकळ्या ठेवल्या आहेत, म्हणजे बाईचे वाक्य ती बोलली तसे लिहिता येईल. नमुना सोमवारी छपाईला जाणार आहे. तत्पूर्वी कोणाला यात काही सुधारणा सुचवायची असेल, विशेषतः उदगीर-उमरग्याकडच्या कन्नड बोलणाऱ्या घरांत हे प्रश्न कसे विचारावेत हे माहीत असेल, तर कृपया रविवारपर्यंत लिहावे.